हवाई सुंदरी आणि घरचा पाळणा

मैत्रिणींनो, हवाई सुंदरी म्हटलं की आपल्याला चापूनचोपून नेसलेली साडी दिसते. पण एअर इंडियात एके काळी नियम होता: पहिल्या चार वर्षांत लग्न केलं किंवा पहिल्यांदा दिवस गेले, की नोकरी संपली. एरवी पस्तिशीला निवृत्ती, मुदतवाढ साहेबांच्या मर्जीवर. पुरुष पर्सर मात्र ५८ पर्यंत!

नर्गेश मिर्झा आणि सहकारिणी कोर्टात गेल्या. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाचा नियम रद्द केला. लग्नाची अट मात्र राहू दिली. (हे मला काही पटत नाही.)

२०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण ती संपल्यावर रात्रीच्या फ्लाइटला तान्ह्याजवळ कोण? ते सासूबाईंशी, नवऱ्याशी आधीच बोलून ठेवावं.