डायकॉम ते जेपेग : रूपांतरात काय गळते, काय उरते

माळवा आणि निमाड या दोन्ही प्रदेशांचा रुग्णभार आपल्या इंदूरवर पिढ्यान्‌पिढ्या आहे. धार, झाबुआ, खरगोन, बडवानी, खंडवा येथून येणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत पूर्वी फिल्म्सचे भले मोठे पाकीट असे. आता त्याच्या जागी एक तबकडी असते आणि सोबतच्या नातेवाइकाच्या मोबाईलमध्ये त्याच तपासणीची पाच-सहा छायाचित्रे. तबकडी घालायला नव्या लॅपटॉपला खाच उरलेली नाही. छायाचित्रे मात्र क्षणात उघडतात. साहजिकच आपला हात मोबाईलकडे जातो. मराठी कुटुंबांत तर आणखी एक रीत रूढ झाली आहे. पुण्यात किंवा अमेरिकेत कुणाचा तरी भाचा रेडिओलॉजिस्ट असतोच. ‘त्याला फोटो पाठवा, तो बघून सांगेल’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेले आहे. त्या भाच्याच्या हाती नेमके काय पडते, हा या लेखाचा विषय आहे.

सी. टी. आणि एम. आर. आय. यंत्रांतून निघणारी फाइल ‘डायकॉम’ या पद्धतीची असते. आरंभी प्रत्येक कंपनीच्या यंत्राची भाषा निराळी होती; एकाची प्रतिमा दुसऱ्याच्या संगणकावर उमटत नसे. हा गोंधळ मिटवण्यासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी आणि तेथील विद्युत उपकरण उत्पादकांची संघटना यांनी १९८३ मध्ये संयुक्त समिती नेमली. १९८५ मध्ये पहिले आणि १९८८ मध्ये दुसरे मानक प्रसिद्ध झाले. १९९३ च्या तिसऱ्या आवृत्तीला ‘डिजिटल इमेजिंग अँड कम्युनिकेशन्स इन मेडिसिन’ हे नाव मिळाले. त्याचेच लघुरूप डायकॉम. जेपेगचे मानक जवळपास त्याच सुमारास, १९९२ मध्ये निश्चित झाले. परंतु त्याचा हेतू अगदी वेगळा होता. निसर्गदृश्य, चेहरा, लग्नाचा फोटो डोळ्यांना चांगला दिसावा आणि फाइल मात्र लहान व्हावी, एवढेच जेपेगचे काम. डोळ्याला न जाणवणारा तपशील ते बेधडक टाकून देते. लग्नाच्या फोटोत ते क्षम्य आहे.

डायकॉम फाइलला नुसते चित्र म्हणणे चूक ठरेल. तिच्या आरंभी १२८ बाइट्सची जागा राखलेली असते, त्यापुढे डी, आय, सी, एम ही चार अक्षरे, आणि मग क्रमांकित नोंदींची मालिका : रुग्णाचे नाव, जन्मतारीख, तपासणीचा दिनांक, यंत्राचा प्रकार, छेदाची जाडी, दोन बिंदूंमधील अंतर मिलिमीटरमध्ये, रुग्ण यंत्रात कोणत्या स्थितीत होता ती माहिती. या सर्वांनंतर प्रतिमेचे आकडे येतात. तबकडीवरील फाइलींना पुष्कळदा कोणतेही विस्तारनाम नसते, म्हणून कित्येक जण त्यांच्या नावापुढे जेपीजी ही अक्षरे लिहून पाहतात. त्याने फाइलचे नाव बदलते, आतली रचना बदलत नाही. पाटी बदलली म्हणून दुकानातला माल बदलत नाही, तसेच हे. खरे रूपांतर करायचे तर आकडे वाचून त्यांच्या छटा कराव्या लागतात, आणि नेमक्या याच पायरीवर वैद्यकीय निर्णय दडलेला असतो.

सर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासमवेत १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते सी. टी. तंत्राच्या विकासासाठी. त्यांच्या नावाच्या मोजपट्टीवर हवा उणे १०००, पाणी शून्य आणि घट्ट हाड १००० किंवा त्याहून वर असते. सी. टी. च्या प्रत्येक बिंदूसाठी सामान्यतः ४०९६ पायऱ्यांपैकी एक पायरी नोंदलेली असते. आपल्या नेहमीच्या जेपेगमध्ये मात्र करड्या रंगाच्या फक्त २५६ छटा मावतात. समजा एखाद्या प्रणालीने काहीही न विचारता सगळ्या ४०९६ पायऱ्या २५६ छटांत सरसकट वाटून टाकल्या, तर प्रत्येक छटेच्या वाट्याला १६ पायऱ्या येतील. मेंदूच्या करड्या भागाचे मूल्य साधारण ३५ ते ४० आणि पांढऱ्या भागाचे २५ ते ३०, म्हणजे अंतर जेमतेम १० चे. हे दोन्ही भाग एकाच किंवा शेजारच्या छटेत जाऊन बसतात आणि डोळ्याला त्यांतला भेद कळत नाही. पक्षाघाताच्या पहिल्या काही तासांत मेंदूची घनता ज्या थोड्याशा अंशांनी उतरते, ती तर संपूर्णच लोपते. प्रतिमा सुबक दिसते, पण जिच्यासाठी तपासणी केली ती गोष्ट तिच्यात नसते.

म्हणूनच आपण ‘विंडो’ लावतो. मेंदूसाठी मध्य ४० आणि रुंदी ८० ठेवली, की शून्य ते ८० एवढ्याच पट्ट्याला २५६ छटा मिळतात. शून्याखालचे सारे काळे, ८० च्या वरचे सारे पांढरे. फुप्फुसांसाठी मध्य उणे ६०० आणि रुंदी १५०० च्या आसपास असावी लागते. जेपेग करताना जी विंडो पडद्यावर असेल ती त्या चित्रात कायमची गोठते. डायकॉममध्ये उंदीर फिरवून विंडो बदलता येते. जेपेगमध्ये काळे झालेले काळेच राहते, त्यात दडलेले काही पुढे कुणालाही बाहेर काढता येत नाही.

याचे एक उदाहरण प्रत्येक आपत्कालीन कक्षाला लागू पडते. डोक्याला मार लागलेला रुग्ण, कवटीच्या आतल्या बाजूला चिकटलेला पातळ सबड्यूरल रक्तस्राव. ताज्या गोठलेल्या रक्ताचे मूल्य ६० ते ८० च्या घरात असते. मेंदूच्या रूढ विंडोमध्ये हे मूल्य जवळजवळ पांढऱ्या टोकाला जाते आणि शेजारचे पांढरे हाड व ही पांढरी पट्टी एकमेकांत मिसळतात. विंडो रुंद करून मध्य वर नेला, की हाड आणि रक्त वेगळे दिसतात. मूळ फाइल हाती असलेला रेडिओलॉजिस्ट हे सवयीने करतो. मोबाईलवर एकच जेपेग मिळालेला न्यूरोसर्जन ते करू शकत नाही. पाठवणाऱ्याने ज्या खिडकीतून पाहिले, त्याच खिडकीतून त्याला पाहावे लागते. रात्री दोन वाजता रुग्णाला दीडशे किलोमीटर हलवायचे की नाही, हे त्या एका चित्रावरून ठरत असेल, तर विंडोची निवड ही तंत्रज्ञावर सोपवून देण्याची बाब राहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोजमापाचेही तसेच. बिंदूंमधील अंतराची नोंद रूपांतरात गळून पडते, त्यामुळे जेपेगवर गाठीचा आकार मोजणे व्यर्थ. चित्रासोबत मोजपट्टी उमटवली असेल तरच अंदाज करता येतो. डावी-उजवी बाजूही दर्शक प्रणाली डायकॉममधील नोंदींवरून दाखवत असते. ती अक्षरे वगळून चित्र काढले आणि पुढे कुणी ते आडवे उलटवले, तर चूक ओळखण्याचा मार्ग उरत नाही.

फाइलच्या आकाराचे आकर्षण मात्र खरे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. सी. टी. चा एक छेद ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचा, प्रत्येक बिंदूला दोन बाइट्स, म्हणजे अर्धा मेगाबाइट. छातीच्या ३०० छेदांचे १५० मेगाबाइट झाले. त्याच छेदाचे जेपेग काही दशक किलोबाइटमध्ये मावते. व्याख्यानासाठी, शोधनिबंधासाठी, रुग्णाला समजावून सांगण्यासाठी ते उत्तमच. जेपेगचा तिरस्कार करण्याचेही कारण नाही. खुद्द डायकॉम मानकातही जेपेग पद्धतीने आकुंचित केलेल्या प्रतिमांना स्थान आहे.

आता नावाचा प्रश्न. रूपांतर केले की नोंदी जातात, म्हणजे रुग्णाची ओळख आपोआप पुसली गेली, असा एक सोयीस्कर समज आहे. सोनोग्राफीच्या प्रतिमेत नाव पुष्कळदा चित्राच्या बिंदूंतच कोरलेले असते; ते जेपेगमध्ये जसेच्या तसे उतरते. सी. टी. च्या दर्शक प्रणालीतही मजकुरासह प्रतिमा जतन करण्याचा पर्याय असतो आणि तो बहुधा चालूच ठेवलेला आढळतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र वा वृत्तांत त्याच्या परवानगीवाचून प्रसिद्ध करता येत नाही. ही भीती काल्पनिक नव्हे. ग्रीनबोन नेटवर्क्स या जर्मन कंपनीने सप्टेंबर २०१९ मध्ये जगभरातील असुरक्षित वैद्यकीय प्रतिमा-सर्व्हरांचा अहवाल दिला. त्याच्या पाठपुराव्यात २०२० च्या आरंभी पुढे आले, की भारतीय रुग्णांच्या १२ कोटींहून अधिक प्रतिमा विनासंरक्षण महाजालावर उपलब्ध होत्या. राज्यांमध्ये महाराष्ट्र अग्रभागी होता, सुमारे ७ कोटी प्रतिमांसह. तेथे कुणी कुलूप फोडले नव्हते. दार उघडेच ठेवलेले होते. फुकट रूपांतर करून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर रुग्णाची फाइल चढवणे हा त्याच उघड्या दाराचा धाकटा भाऊ होय.

त्यापेक्षा आपल्याच संगणकावर रूपांतर करावे. विंडोजसाठी मायक्रोडायकॉम, मॅकसाठी होरोस, दोहोंवर चालणारे वीसिस अशा प्रणाली त्यासाठी आहेत. आधी योग्य विंडो लावावी, मग मजकूर बंद करून पण डावे-उजवे चिन्ह व मोजपट्टी ठेवून प्रतिमा काढावी. डोक्याच्या एकाच छेदाची मेंदूची, सबड्यूरल आणि हाडाची अशी तीन चित्रे पाठवली तर पाहणाऱ्याचे निम्मे अडथळे दूर होतात. जेपेगची गुणवत्ता सर्वोच्च ठेवावी. सूक्ष्म कॅल्सिफिकेशनसारखा बारीक तपशील असेल तर काहीही न टाकणारे पीएनजी स्वरूप वापरावे. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठवल्यास ते पुन्हा आकुंचित होते, दस्तऐवज म्हणून पाठवल्यास होत नाही. पडद्याचा मोबाईलने काढलेला फोटो हा सर्वांत शेवटचा पर्याय. त्यात खोलीतल्या दिव्याचे प्रतिबिंबही निदानाला येते.

२०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार, सल्ला देताना वापरलेल्या प्रतिमा डॉक्टरांनी जतन करावयाच्या असतात. तेव्हा मोबाईलवर आलेल्या ज्या चित्रावरून आपण मत दिले, ते इतर संदेशांबरोबर पुसून टाकू नये. आणि रुग्णाची तबकडी त्याला परत देताना तिच्यातील संपूर्ण फोल्डर, सूची-फाइलसह, रुग्णाच्या पेन ड्राइव्हवर उतरवून द्यावा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि पुढच्या गावच्या डॉक्टरांच्या लॅपटॉपलाही तबकडीची खाच नसण्याचीच शक्यता अधिक.