शेत खुले, विहिरीला कुलूप

गुडीहत्नूरच्या बाजारात कापसाचा भाव ज्यावर पाहिला जातो, त्या भ्रमणध्वनींपैकी बहुतेकांचा प्राण म्हणजे ‘अँड्रॉइड’ ही कार्यप्रणाली. तिची मूळ आज्ञावली २००८ पासून खुली आहे. परवान्याच्या अटी पाळून ती कोणीही घ्यावी, बदलावी, विकावी. परंतु ‘प्ले स्टोअर’, नकाशे ही जोडसाधने गूगलच्या खासगी मालकीची. ‘प्ले स्टोअर’ हवे, तर उरलेली साधनेही घेतलीच पाहिजेत, अशी अट उत्पादकांवर असे. शेत खुले, पण विहिरीला कुलूप! या व अशाच अन्य अटींबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. तेव्हा केवळ परवाना खुला असून भागत नाही. ज्यावाचून अडते ते कोणाच्या हाती आहे, हेही पाहावे लागते.