चट्टा, पुळी, गांधी: अंगावरच्या तक्रारींची नावे (भाग ६)

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत अंगावर गोल, खाजरा चट्टा उठला की त्याला बहुधा एकच नाव मिळते: गजकर्ण. तो बुरशीचा असो, कोपरावरचा पांढुरक्या पापुद्र्यांचा सोरायसिस असो की घोट्यावरचे वर्षानुवर्षांचे इसब असो, नाव तेच आणि मेडिकलमधून आणलेली ट्यूबही तीच. वास्तविक मराठीत त्वचेच्या तक्रारींसाठी शब्दांची टंचाई नाही. नायटा, खरूज, इसब, शिबे, कोड, वांग, चाई, नागीण, घामोळे, केसतूड, काळपुळी, नखुरडे, चिखल्या, चामखीळ, कुरूप ही यादी घरातल्या कुठल्याही जुन्या माणसाला पाठ असते. अडचण एवढीच, की यातले काही शब्द एकाच आजाराला घट्ट चिकटून आहेत, तर काही चार-चार आजारांवर पांघरूण घालतात.

डॉक्टर नावाच्या आधी आकार पाहतात. डोळे मिटून चट्ट्यावरून बोट फिरवावे. बोटाला काहीच लागले नाही, नुसता रंगच बदललेला असला, तर तो डाग. लहान असेल तर मॅक्यूल, सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर पॅच. बोटाला बारीक उंचवटा लागला तर ती पुळी, म्हणजे पॅप्यूल. पुळ्या एकमेकींत मिसळून चपटी, उंच चकती झाली की तिला प्लाक म्हणतात. पाण्याने भरलेला लहान फोड व्हेसिकल, मोठा तो बुला आणि पू धरला की पश्च्यूल. घटकेत उठून घटकेत विरणारी गांधी म्हणजे व्हील. वरून काय सुटते हेही पाहायचे. कोरडा भुसा सुटत असेल तर तो कोंडा. आतली ओल वाळून चिकटली असेल तर ती खपली. बोलताना या दोन्हींना सर्रास खपलीच म्हटले जाते, पण निदानाचा मोठा भाग या फरकातच असतो.

रंगाने मात्र फसगत होते. त्वचारोगांच्या जुन्या पुस्तकांतली छायाचित्रे बहुतेक गोऱ्या कातडीची. त्यांत लालभडक दिसणारा चट्टा सावळ्या अंगावर तपकिरी, जांभळट किंवा नुसता काळपट दिसतो, आणि बरा झाल्यावरही काळी खूण काही महिने रेंगाळते. ती खूण म्हणजे आजार नसतो. तरी तिच्यावर मलमे चोळणारे पुष्कळ. मानेच्या घडीतला मखमली काळेपणाही घासून जात नाही, कारण तो मळ नसतो. त्याचे नाव अकँथोसिस नायग्रिकन्स. तो बहुतेकदा वाढलेल्या वजनाशी आणि इन्शुलिन नीट काम करत नसल्याशी जोडलेला असतो. तिथे घासायच्या दगडापेक्षा रक्तातली साखर तपासण्याचा उपयोग जास्त.

खरा नायटा म्हणजे बुरशीचा संसर्ग, वैद्यकात टिनिया. त्याची ओळख कडेवर असते. कडा उंच, बारीक कोंड्याची आणि जिवंत. मधला भाग निवळलेला. बुरशी बाहेरच्या बाजूने पुढे सरकत जाते म्हणून कंकणाचा आकार येतो. जांघ, काख, स्तनांखालची घडी, परकराच्या नाडीची जागा, जिथे जिथे घाम मुरतो तिथे तो बसतो. उसाच्या फडात भिजून अंगावरच वाळलेला कपडा बुरशीला हवी तेवढी ऊब आणि ओल दिवसभर पुरवतो. सोरायसिसची चकती मधून निवळत नाही. ती सगळीकडे सारखी जाड असते, तिचे पापुद्रे अभ्रकासारखे चंदेरी सुटतात, आणि कोपर, गुडघे व टाळू या तिच्या आवडत्या जागा. सोरायसिस कुणाकडून कुणाला लागत नाही. जुन्या इसबाची कडा धूसर असते आणि कातडी खाजवून खाजवून चामड्यासारखी झालेली असते. गजकर्ण या शब्दातली हत्तीच्या कानाची उपमा खरे तर या तिसऱ्यालाच शोभते, पण शब्द मिरवतो पहिला.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत हा साधा नायटा देशभर हट्टी झाला. त्यात स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र घातलेल्या ट्यूबांचा वाटा मोठा आहे. स्टिरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, कडा पुसट होते, माणूस खूश होतो आणि बुरशी पसरत राहते. ट्यूब बंद केली की चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन परततो. कंकण मोडलेले, चट्ट्याच्या आत चट्टा, अशा या रूपाला टिनिया इनकॉग्निटो म्हणतात, म्हणजे वेष पालटलेला नायटा. तीच ट्यूब जांघेत महिनोन् महिने लावली तर कातडी पातळ होऊन बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे पट्टे पडतात, आणि ते जात नाहीत. २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडची १४ मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. २०२० साली या हट्टी बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे वेगळे नाव मिळाले. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध नीट चालत नाही, आणि ती आता युरोप-अमेरिकेतही सापडते.

शंका असेल तर चट्ट्याची कडा बोथट पात्याने खरवडून तो कोंडा काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधतात. तपासणी स्वस्त आहे, काही मिनिटांत होते. बारामतीत २०१९ साली सुरू झालेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयामुळे अशा कामासाठी पुणे गाठण्याची गरज कमी झाली आहे. बुरशी सापडली तर बुरशीनाशक मलम चट्ट्यावर आणि कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचे, चट्टा दिसेनासा झाल्यावरही सांगितलेले दिवस पुरे करायचे, आणि घरात आणखी कुणाला चट्टा असेल तर त्याचाही उपचार त्याच वेळी करायचा.

इसबाला इंग्रजी वैद्यकात एक्झिमा म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ उकळून बाहेर येणे. मराठीत बिब्ब्याचे तेल लागून अंग फोडांनी भरले की ‘बिब्बा उतला’ म्हणतात. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता उतू जाण्याचीच उपमा घेतली, कारण ताजे इसब तसेच दिसते: बारीक पाण्याचे फोड, ते फुटून लस आणि मग खपली. बाहेरची एखादी वस्तू लागून होणारे इसब म्हणजे कॉन्टॅक्ट डर्मटायटिस, आणि त्यात चट्ट्याची जागाच गुन्हेगाराचे नाव सांगते. घड्याळाच्या बकलाखाली किंवा खोट्या दागिन्यांखाली खाज असेल तर निकेल. टिकलीच्या जागी खाज येऊन पुढे पांढरा डाग राहिला तर टिकलीचा गोंद.

या परिसरात सर्वांत जास्त शिकवून जाणारे इसब मात्र गाजरगवताचे, म्हणजे लोकांच्या भाषेत काँग्रेस गवताचे. हे झुडूप मूळचे अमेरिका खंडातले. आर. एस. राव यांनी १९५६ साली ते भारतासाठी नवी नोंद म्हणून प्रसिद्ध केले, आणि ती नोंद पुण्याची होती. त्याच्यापासून होणाऱ्या त्वचारोगाचे सविस्तर वर्णनही पुण्याच्या रुग्णांवरूनच झाले. लोणकर आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा लेख १९७४चा. आज निरा डाव्या कालव्याच्या भरावावर, उसाच्या बांधावर, रस्त्याकडेच्या पडीक तुकड्यात ते कमरेएवढे माजलेले दिसते. त्यातले पार्थेनिन हे द्रव्य वाळलेल्या केसाळ कणांतून हवेवर उडते आणि उघड्या अंगावर बसते. म्हणून चट्टे चेहरा, मान, सदऱ्याच्या गळ्याचा त्रिकोण आणि कोपराच्या आतल्या घडीत येतात. रुग्ण बहुधा वर्षानुवर्षे शेतात वावरलेला, मध्यम वय उलटलेला पुरुष असतो, आणि तो सांगतो, ‘ऊन बाधतं.’ उन्हाचा आणि हवेतल्या कणांचा फरक तीन जागांवर कळतो. वरच्या पापण्या, हनुवटीखालचा भाग आणि कानामागची कातडी या सावलीत राहतात, तिथे ऊन पोचत नाही, कण पोचतात. या तिन्ही जागा खरबरीत झाल्या असतील तर संशय गवतावर जातो. फुलोऱ्यातले गवत उघड्या हातांनी उपटणे किंवा जाळणे अशा माणसाने टाळावे.

गाळपाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांभोवती ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. एका कोपीत अख्खे कुटुंब, आणि थंडीत एका वाकळेखाली तीन मुले. खरजेला याहून सोयीची जागा नाही. खरूज म्हणजे स्कॅबीज. सारकॉप्टिस नावाचा, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान किडा कातडीच्या वरच्या थरात बोगदा पाडून अंडी घालतो. ओळख तीन गोष्टींवरून: खाज रात्री वाढते, घरातली एकाहून जास्त माणसे खाजवतात, आणि पुळ्या बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती, कमरेला व पुरुषांच्या गुप्तांगावर असतात. पहिल्या वेळी किडा शिरल्यापासून खाज सुटेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे ज्याला अजून काहीच होत नाही तोही किडा बाळगून असू शकतो. म्हणूनच ५ टक्के पर्मेथ्रिनचे मलम एकाच रात्री सगळ्या घराने, मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीही लावायचे, सकाळी धुवायचे आणि आठवड्याने पुन्हा लावायचे. खाजणाऱ्या जागेवर टिकलीएवढे मलम लावून खरूज जात नाही. कपडे गरम पाण्यात, आणि वाकळ धुता येत नसेल तर प्लॅस्टिकच्या पोत्यात आठवडाभर बांधून. किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे टिकते, तो उपचार फसल्याचा पुरावा नव्हे.

रात्रपाळीच्या विजेवर दारे धरणाऱ्याच्या पायांना चिखल्या होतात: बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी, फुगलेली, चिरलेली. पाय कोरडे ठेवले तर बरेच काम होते. कोयत्याच्या मुठीने तळहाताला पडणारे घट्टे हा आजारच नव्हे, ते चिलखत आहे.

खाजेऐवजी आग होत असेल तर दोन गोष्टी आठवाव्यात. नागीण, म्हणजे हर्पीस झोस्टर, शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. आधी दोन-तीन दिवस ठणका लागतो, मग पाण्याच्या फोडांचे झुपके येतात. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत दडून बसतो आणि वय किंवा अशक्तपणा गाठून त्याच तंतूच्या वाटेने बाहेर येतो. तंतू अंगाच्या मध्यरेषेपाशी संपतो. त्यामुळे नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळली की माणूस दगावतो ही भीती निराधार आहे. ती दोन टोके सहसा जुळतच नाहीत. पहिल्या ७२ तासांत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर फायदा जास्त. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळा तपासून घ्यावा लागतो. पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली झोपलेल्या माणसाच्या मानेवर सकाळी जळजळणारी रेघ उठते, तिलाही नागीणच म्हटले जाते. ती बहुधा पेडेरस या काळ्या-नारिंगी किड्याची करामत. ‘किडा मुतला’ हे वर्णन जवळपास बरोबर आहे, फक्त किडा मुतत नाही. तो अंगावर चिरडला गेला की त्याच्यातले पेडेरिन कातडी भाजते. त्याला चिरडण्याऐवजी फुंकून उडवावे, जागा साबणाने धुवावी.

अंगावर पित्त उठले म्हणतात तेव्हा त्या गांधी, वैद्यकात अर्टिकेरिया. एका गांधीभोवती पेनाने रेघ ओढून ठेवावी. २४ तासांच्या आत ती रेघेच्या आतून विरून जाते आणि दुसरीकडे नवी उठते. एकाच जागी दिवसेंदिवस टिकली तर ती गांधी नव्हे. आमसुलाच्या पाण्याने थंडावा वाटतो आणि अपाय काही नाही, पण ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडकला तर आमसूल शोधत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

सर्वांत जास्त घबराट पांढऱ्या डागांची, आणि त्यात चार वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. लहान मुलांच्या गालावरचे फिकट, किंचित कोरडे चट्टे म्हणजे पिटिरियासिस अल्बा. घरोघर त्यांना जंत किंवा कॅल्शियमची कमतरता म्हणतात. दोन्हींचा संबंध नाही आणि ते आपोआप जातात. छाती-पाठीवरची शिबे घामट दिवसांत वाढतात; नखाने खरडले की पिठासारखा कोंडा सुटतो. कोड, म्हणजे व्हिटिलिगो, दुधासारखा पांढराशुभ्र असतो, त्यावरचे केसही कधी पांढरे होतात, पण कातडी मऊ आणि स्पर्श शाबूत. कोड कुणाला लागत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ (२००६) या चित्रपटाचा विषय तोच. गोंधळात भर शब्दाची आहे. संस्कृत कुष्ठ या शब्दापासून हिंदीत कोढ़ आला आणि मराठीत कोड; हिंदीत त्याचा अर्थ कुष्ठरोग, मराठीत पांढरे डाग. बारामतीच्या एमआयडीसीतला उत्तरेकडचा कामगार आणि गावातला माणूस हा एकच शब्द उच्चारताना दोन वेगळ्या आजारांबद्दल बोलत असतात. आयुर्वेदात तर कुष्ठाचे अठरा प्रकार आहेत आणि त्यांत नायटा, खरूजही येतात.

कुष्ठरोगाचा डाग पांढराशुभ्र नसतो. तो आजूबाजूच्या रंगापेक्षा फिकट किंवा तांबूस असतो, खाजत नाही, त्यावर घाम कमी येतो, केस विरळ होतात आणि मुख्य म्हणजे तिथे स्पर्श कळत नाही. तपासणीला कापसाची वात पुरते. रुग्णाला डोळे मिटायला सांगून वातीचे टोक कधी डागावर, कधी निरोगी कातडीवर टेकवायचे आणि जिथे कळेल तिथे बोट ठेवायला सांगायचे. डागावर बोट येत नसेल तर पुढची तपासणी लगेच. डाग पाचापर्यंत असतील आणि नस फार गुंतलेली नसेल तर बहुविध औषधोपचार ६ महिने, अन्यथा १२ महिने. गोळ्यांची २८ दिवसांची पाकिटे प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. उपचार सुरू झाल्यावर संसर्गाची शक्यता लवकरच संपते. रिफॅम्पिसिन घेतल्या दिवशी लघवी लालसर होते आणि क्लोफाझिमिनमुळे कातडी हळूहळू काळपट-तांबूस पडते. घाबरून गोळ्या बंद करण्याचे ते कारण नाही. कोर्स पुरा झाल्यावर काही महिन्यांत रंग पूर्ववत होतो.