थरच्या वाटेवर, दहाच्या आत

मे महिना लागला की ऑफिसात शिल्लक रजा मोजल्या जातात आणि पुण्या-मुंबईच्या बाइकवाल्यांमध्ये दोन नावं हमखास निघतात, लडाख आणि जैसलमेर. लडाखच्या खिंडी तेव्हा धड उघडलेल्या नसतात, म्हणून जैसलमेरचं पारडं जड होतं. खरं तर थरच्या वाळवंटात मोटारसायकल न्यायची ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. यात दुमत नाही. पण रजा मेमध्येच मिळते आणि जायचं तर आहेच, अशी मंडळी दरवर्षी निघतात. त्यांनी आखणी करताना नकाशा थोडा उशिरा उघडावा. आधी घड्याळ बघावं.

बिकानेरहून जैसलमेरला जाताना वाटेत फलोदी लागतं. 19 मे 2016 रोजी तिथे 51 अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं, देशातला तो उच्चांक आहे. हवामान खात्याचा हा आकडा सावलीतला असतो, हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा. तापलेल्या डांबरावर, इंजिन मांड्यांमध्ये धरून बसलेल्या माणसाच्या वाट्याला येतं ते याहून बरंच जास्त.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. गाडी पळती ठेवली की वारा लागतो आणि बरं वाटतं. आपल्याकडे लागतोच, कारण आपल्याकडची हवा बहुतेक वेळा अंगापेक्षा थंड असते. आपल्या त्वचेचं तापमान साधारण 35 अंश असतं. हवा 44 अंशांची असली की तोच वारा उष्णता अंगावर आणून ओततो, आणि वेग जितका जास्त तितकी जास्त ओततो. घाम येतो, पण हवा इतकी कोरडी की तो दिसण्याआधीच उडून जातो. अंग कोरडं, म्हणून माणूस निर्धास्त. डोकं दुखायला लागतं तेव्हा लिटरभर पाणी कधीच गेलेलं असतं.

म्हणून चाळिशीपार तापमानात जॅकेट काढून टी-शर्टवर गाडी चालवणं हा शुद्ध वेडेपणा. उलट करायचं. आतला सुती टी-शर्ट आणि गळ्याभोवतीचा पंचा पाण्यात बुडवून ओला करायचा, वर जॅकेट चढवायचं आणि त्याच्या झिपा जवळजवळ बंद ठेवायच्या, हवा आत शिरेल इतपतच फट. माठातलं पाणी ज्या न्यायाने गार होतं त्याच न्यायाने अंग गार राहतं. जाळीदार जॅकेट सगळं उघडं टाकलं तर तोच टी-शर्ट बघता बघता खडखडीत वाळतो. पाण्याचा प्रत्येक थांबा हा टी-शर्ट भिजवायचाही थांबा धरायचा.

पिण्याचं पाणी घोटाघोटाने, तहानेची वाट न बघता. दिवसभर नुसतं पाणी ढोसत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही. ओआरएसची पाकिटं टँक बॅगेत असू द्या. नसतील तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. राजस्थानातल्या ढाब्यावर मिळणारी खारी छाछ तर उत्तमच. आणि सोबती एकाएकी असंबद्ध बोलू लागला, चिडचिड करू लागला, स्टँड लावताना गाडी आडवी केली, तर त्याची थट्टा नको. उष्माघाताची सुरुवात अशीच होते. सावलीत झोपवा, अंगावर पाणी ओता, मिळेल तर मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा, आणि 108 ला फोन करा.

आता घड्याळ. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावरून ठरते आणि जैसलमेर 71 अंशांच्या आसपास आहे. म्हणजे तिथला सूर्य घड्याळाच्या पाऊण तास मागे. माध्यान्ह होते पाऊण वाजता, आणि खरी काहिली तीन ते पाचच्या दरम्यान. त्यामुळे ‘दुपारी आराम करू, चारला निघू’ हा आपल्याकडे चालणारा बेत तिथे सपशेल फसतो. चारला उकाडा ऐन भरात असतो, आणि आंधीची वेळही तीच.

वाळवंटात दोन तऱ्हांनी धूळ उठते. एक, दिवसभर सणसणत वाहणाऱ्या पश्चिमेकडच्या वाऱ्याची, जी त्रास देते पण दगा देत नाही. दुसरी मात्र ढगांच्या पोटातून येते. दुपारच्या उष्णतेने उंच ढग उभे राहतात, त्यातला पाऊस खालच्या कोरड्या हवेत पडता पडताच वाफ होऊन जातो, त्यामुळे ती हवा एकदम गार आणि जड होते आणि जमिनीवर कोसळून चहूकडे फाकते. फाकताना वाळू-माती उचलून घेते. तिथले लोक हिला ‘काली-पीली आंधी’ म्हणतात. क्षितिजावर तपकिरी भिंत दिसली, वारा पडला आणि मग तोंडावर गार झुळूक आली, की हाती मिनिटं उरलेली असतात, तास नव्हे. ‘पुढचं गाव गाठू’ म्हणत गाडी पळवणारेच त्यात सापडतात.

थांबायचं कुठे? डांबर पूर्ण सोडून, शक्य तितकं लांब. लांब नेल्यावर दिवे बंद करा, कारण दिसेनासं झालं की मागचा ट्रकवाला तुमचा लाल दिवा धरूनच येतो. गाडी गिअरमध्ये टाका आणि वारा उजवीकडून लागेल अशी उभी करा, म्हणजे तो तिला साइड स्टँडवरच रेटेल. डावीकडून लागला तर ती दुसऱ्या अंगाला पडलीच समजा. मग तुम्ही गाडीपासून बाजूला होऊन वाऱ्याकडे पाठ करून खाली बसा. हेल्मेट डोक्यावर, काच खाली, नाकातोंडावर ओला पंचा. झाडाखाली, होर्डिंगखाली किंवा कच्च्या भिंतीच्या आडोशाला अजिबात नको. 2 मे 2018 च्या रात्री अलवर, भरतपूर, धौलपूर आणि पलीकडे उत्तर प्रदेशात वादळाने शंभरावर माणसं गेली, ती बहुतेक पडलेल्या भिंती, छपरं, झाडं आणि विजेच्या खांबांखाली. धुळीमागून वीजही येते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ हे अॅप आसपासच्या विजांची सूचना देतं. ते आणि हवामान खात्याचे पुढच्या तीन तासांचे इशारे रोज दुपारी बघायची सवय लावून घ्या. वादळ गेल्यावर रस्त्यावर वाळूच्या जिभा पसरलेल्या असतात. त्यांवर ब्रेक नाही, वळण नाही. वेग आधीच कमी करून सरळ पार व्हायचं.

पावसाळ्यात जाऊ म्हणणाऱ्यांना 2006 सालच्या कवासची आठवण करून द्यावीशी वाटते. बाडमेरजवळच्या या गावात ऑगस्टमध्ये काही दिवसांत वर्षभराहून जास्त पाऊस कोसळला, आणि जमिनीखाली जिप्समचा थर असल्यामुळे पाणी मुरेना. गाव कित्येक महिने पाण्यात राहिलं. जून 2023 मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ कच्छच्या किनाऱ्यावर आदळून पुढे सरकलं, तेव्हा बाडमेर, जालोर भागात पूर आले. वाळवंटातला कोरडा ओढा ओलांडताना पाणी वाहतं दिसलं तर गाडी वळवा.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर दिवसाचे चालवण्याजोगे तास उरतात पाच. साडेपाचला फटफटतं, तेव्हा निघायचं. दहा-साडेदहाला दिवस संपला. अंधारात निघू नये आणि रात्री तर नकोच, कारण रस्त्यावर उंट आणि गुरं निवांत उभी असतात. जोधपूर ते जैसलमेर जेमतेम 280 किलोमीटर, पण मेमध्ये एका सकाळी ते ताणूनच होतं. पोखरणला, म्हणजे 170 वर, मुक्काम ठोकण्यात कमीपणा नाही. जोधपूरपर्यंतची हजारभर किलोमीटरची रखडपट्टी टाळायची तर गाडी रेल्वेने पाठवा. टाकी रिकामी लागते आणि आरसीची प्रत. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदीच आहे, तेव्हा गुगलने तो सुचवला तरी हुरळून जाऊ नका.

गाडीचं थोडक्यात: टायरमधली हवा सकाळी, टायर गार असताना मोजा, दुपारी तापलेल्या टायरमधून हवा सोडू नका. साखळीला वंगण कमी, कारण तेलकट साखळीवर वाळू चिकटून ती झिजते. एअर फिल्टर आंधीनंतर लगेच उघडून बघा.

जैसलमेर-रामगढ-तनोट-लोंगेवाला आणि परत ही फेरी साधारण अडीचशे किलोमीटरची. टाकी रामगढलाच भरा. वाटेत नेटवर्क जातं, म्हणून काहीजण परदेशी सॅटेलाइट संदेशयंत्र आणतात. आपल्याकडे परवान्याशिवाय ते बेकायदा आहे, आणि सीमेवर तर जप्त होणारच. सीमेलगतच्या काही भागात परवानगी लागते, ती जैसलमेरमध्येच विचारून घ्या. सम भागात गेलात आणि माळढोक दिसला तर भाग्य. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला तो आता दिसणं मुश्कील झालं आहे.

आणि आखणीत एक दिवस कोरा सोडा, आंधीने अडवलं तर. मे महिन्यात जैसलमेरची हॉटेलं अर्धी रिकामी असतात, एक रात्र वाढवायला मालक नाही म्हणत नाही. फक्त खोलीत एसी आहे की कूलर आणि वीज गेल्यावर जनरेटर चालतो का, एवढं पैसे देण्याआधी विचारून घ्या.