सिस्टर, जरा इकडे या!

शनिवारी संध्याकाळी खराडी बायपासला नगरची एसटी पकडायची, शिरूर मागे टाकलं की डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसतात का बघायचं आणि सुप्याला उतरायचं. महिन्यातून एकदाचा माझा हा ठरलेला कार्यक्रम. या वेळी बॅग खाली ठेवतेय तोच शेजारची पोरगी हजर. नगरला (म्हणजे कागदोपत्री आता अहिल्यानगरला) जीएनएमच्या पहिल्या वर्षाला आहे. सोमवारपासून तिचं वॉर्डातलं पहिलं पोस्टिंग. चेहरा हा एवढासा झालेला.

"ताई, काय करायला लावतात गं? आणि मला चक्कर आली तर?"

मी सध्या पुण्यात एका ऑफिसात आरोग्य विम्याचे क्लेम तपासते. पण त्याआधी मीही नर्सिंगच केलंय. त्यामुळे आमच्या आळीत या विषयातली एक्स्पर्ट मीच!

तुमचा ऑफिसातला पहिला दिवस आठवून बघा. एसी, वेलकम किट, एचआरचं गोड गोड हसू आणि पुढचे चार दिवस नुसतं इंडक्शन. नर्सिंगच्या मुलीचं असं नसतं. कॉलेजच्या लॅबमध्ये तिनं पुतळ्यावर सगळं केलेलं असतं, पण पुतळा कण्हत नाही, त्याला उलटी होत नाही आणि मुख्य म्हणजे त्याला नातेवाईक नसतात. वॉर्डात युनिफॉर्म घालून उभं राहिलं की पहिल्या पाच मिनिटांत हाक येते, "सिस्टर, जरा इकडे या!" आपण मागे वळून बघतो, कुठेयत सिस्टर? मग लक्षात येतं, अरे देवा, ही हाक आपल्यालाच आहे.

चक्कर येते. बऱ्याच जणींना येते, ब्रदर लोकांनाही येते. सकाळी उपाशीपोटी जायचं नाही, डोळ्यांपुढे अंधारी आली की हातातलं बाजूला ठेवून खाली बसायचं आणि सांगायचं. लाजून उभी राहणारीच धाडकन पडते.

पहिले काही आठवडे इंजेक्शनबिंजेक्शन विसरा. बेड घालायचे, स्पंजिंग करायचं, भरवायचं, बेडपॅन द्यायचं आणि टीपीआर घ्यायचा, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास. चादरीला एक सुरकुती राहिली तर ट्यूटर अख्खा बेड पुन्हा घालायला लावतात. मला तेव्हा तो शुद्ध छळ वाटायचा. पण जो माणूस स्वतःहून कूसही बदलू शकत नाही, त्याच्या पाठीला तीच सुरकुती दिवसरात्र रुतते आणि जखमेला निमित्त होते. बेडपॅनच्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. चुलतभावाला त्याच आठवड्यात कंपनीचं ऑफर लेटर आलेलं, आणि मी हे काय करतेय? तेव्हा वॉर्डातल्या मावशींनी मला पेशंटला कुशीवर कसं वळवायचं ते दाखवलं, माझी पाठ न मोडता आणि त्याची लाज राखून. पुस्तकातही ते होतं, पण समजलं मावशींमुळे. मामा-मावशींशी दोस्ती कराच.

"हे तर ठीक आहे," पोरगी म्हणाली, "पण चूक झाली तर?"

झाली होती ना. २०१४ सालची गोष्ट. हॉस्पिटलचं नाव नको. दुसरा आठवडा, डॉक्टरांचा राउंड तोंडावर आणि माझे आठ पेशंट मोजायचे राहिलेले. ताप घेतला, नाडी कशीबशी अर्धा मिनिट पाहिली आणि श्वासाच्या रकान्यात सरळ लिहीत गेले: २०, १८, २०, २०. सगळे असंच करतात असं मी ऐकलेलं. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात, मग बिघडलं कुठे?

इनचार्ज सिस्टरांनी चार्ट पाहिला, एक शब्द न बोलता मला एका आजोबांच्या बेडपाशी नेलं आणि म्हणाल्या, "मोज." पूर्ण एक मिनिट. मी मोजले, ३४. चार्टवर माझ्याच अक्षरात २० लिहिलेलं होतं.

त्यानंतर जी धावपळ झाली त्यात मी नुसती भिंतीला चिकटून उभी होते. ऑक्सिजन लावला, डॉक्टर आले, आजोबांना आयसीयूत हलवलं. ते वाचले. माझ्यामुळे नाही, सिस्टरांमुळे. तब्येत ढासळायला लागली की बऱ्याचदा आधी श्वासाचा वेग बदलतो, आणि नेमका तोच आकडा सगळ्यात जास्त वेळा अंदाजानं लिहिला जातो.

दुपारी सिस्टरांनी मला तो आकडा दुरुस्त करायला लावला. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, वाचता येईल अशी, शेजारी खरा आकडा, वेळ आणि सही. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गंमत बघा, दिवा घेऊन फिरणारी बाई म्हणून आपण जिला ओळखतो ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल आकड्यांतही पक्की होती. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईनं जास्त मेले, हे तिनं १८५८ साली रंगीत आकृत्या काढून मांडलं. एक्सेलवाल्या दोस्तांनो, ती आपल्याच जातकुळीतली!

पोरीला मी युक्ती सांगितली. "श्वास मोजते हं," असं पेशंटला सांगायचं नाही, सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची आणि नजर छातीवर. आणखी एक, वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, ती थेट पांढऱ्या डब्यात. टोचलीच तर साबण-पाण्यानं धुवायचं आणि तिथल्या तिथे सांगायचं. एचआयव्हीला अटकाव करणारी औषधं घ्यायची वेळ आलीच तर ती लवकरात लवकर, ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. भीतीनं घरी येऊन गप्प बसलं तर ते तास हातचे जातात. आणि नातेवाईक काही विचारत असले, उत्तर माहीत नसलं, तर "मी शिकतेय, विचारून सांगते." एवढंच.

"घड्याळ आहे का?" मी विचारलं. तिनं मोबाइल दाखवला. मोबाइल वॉर्डात चालणार नाही. मी कपाटातून माझं जुनं, छातीला पिन लावून अडकवायचं, सेकंदकाट्याचं घड्याळ काढलं. सेल टाकल्यावर चाललं बिचारं.

रविवारी दुपारी परत निघताना तिच्या घरात डोकावले. आजी पडवीत झोपलेली, आणि ही शेजारी मांडी घालून, एक डोळा काट्यावर.

"किती?"

"अठरा."

"मोजलेस की लिहिलेस?"

"थांब," ती म्हणाली, "परत मोजते."