वणवा, कायदा आणि वनालगतचे गाव

माघ सरून फाल्गुन लागला की किनवट आणि माहूर तालुक्यांतील डोंगरउतारांवर वाळलेल्या पानांचा थर साचू लागतो. साग, मोह, तेंदू, धावडा, सालई ही पानझडीच्या वनातील झाडे या दिवसांत उघडी पडतात आणि पावसाळ्यात कमरेइतके वाढलेले गवत करकरीत वाळते. अशा वेळी विडीचे एक जळते थोटूकही डोंगर पेटविण्यास पुरेसे ठरते. म्हणूनच राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वणव्याचा हंगाम मानण्यात येतो.

मराठवाड्यात मुळात वनक्षेत्र थोडे. नांदेड जिल्ह्यातील वनाचा मोठा भाग किनवट-माहूर पट्ट्यात एकवटलेला आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. आजही त्याच्या एका अंगाला तेलंगणाची सीमा आहे, तर दुसऱ्या अंगाला पैनगंगा नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. याच नदीच्या आश्रयाने पैनगंगा अभयारण्य पसरले आहे. लातूर जिल्ह्यात तर वनाच्छादन भौगोलिक क्षेत्राच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. जेथे वन इतके तुटपुंजे, तेथे एका दुपारचा वणवा अनेक वर्षांची वाढ खाऊन टाकतो.

आग लावते कोण?

आपल्याकडील वनांत निसर्गतः आग लागण्याचे प्रसंग विरळा. बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात आणि त्यामागे पुष्कळदा पोटाचे कारण असते. मोहफुले पहाटे गळतात. ती पाचोळ्यात हरवू नयेत, म्हणून झाडाखालचा पाला पेटविण्याची जुनी रीत आहे. तेंदूला नवी, कोवळी पाने फुटावीत म्हणून झुडपे जाळली जातात. जळालेल्या माळावर चांगले गवत येते, असा गुराख्यांचा समज असतो. वनालगतचा शेतकरी धुऱ्यावरील काडीकचरा किंवा पऱ्हाट्या पेटवितो आणि वारा फिरला की ती आग शेताचा बांध ओलांडते.

आग लावणाऱ्यास जे वाचविल्यासारखे वाटते, त्याहून अधिक तो गमावतो. जमिनीलगत सरपटणारी आग मोठ्या झाडांना अनेकदा जिवंत सोडते. परंतु मोहाची, चारोळीची आणि तेंदूची कोवळी रोपे तिच्यात नष्ट होतात. तित्तर, लावा, मोर यांसारख्या जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी होरपळतात. पाचोळ्याचे आच्छादन गेल्यामुळे पहिल्याच पावसात उतारावरील माती वाहून जाते. आज मोह देणारे झाड उद्या म्हातारे होईल, तेव्हा त्याच्या जागी दुसरे उभे नसेल.

कायद्याची तरतूद

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे किंवा वनास धोका पोहोचेल अशा रीतीने ती जळत ठेवणे हा गुन्हा आहे. शिक्षेखेरीज वनाच्या हानीची भरपाई देण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकते. संरक्षित वनांसाठी कलम ३३ मध्ये तरतूद आहे. अभयारण्यात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे कलम ३० लागू होते आणि हाच निर्बंध राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे. वन अधिनियमाच्या कलम ६४ खाली वन अधिकाऱ्यास, तसेच पोलीस अधिकाऱ्यास, वाजवी संशयावरून वॉरंटाशिवाय अटक करता येते.

मात्र अधिकार असणे निराळे आणि गुन्हा सिद्ध करणे निराळे. वणवा आपला पुरावा स्वतःच जाळतो. वनरक्षक घटनास्थळी पोहोचेपर्यंत काडी ओढणारा घरी गेलेला असतो. पंचनामा होतो, वनगुन्हा नोंदविला जातो. परंतु आरोपीच्या रकान्यात ‘अज्ञात इसम’ एवढेच लिहावे लागते.

या कामी उपग्रहांची मदत मिळू लागली आहे. देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने वणव्यांचा शोध घेत आहे. आगीचे स्थान कळविणारा संदेश क्षेत्रीय कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर येतो. नोंदणी केल्यास सामान्य नागरिकासही तो मिळू शकतो. परंतु उपग्रह ठराविक वेळीच डोक्यावरून जातो. लहान आग त्याच्या नजरेतून सुटू शकते, आणि ती कोणी लावली हे तर तो कधीच सांगू शकत नाही. ते गावालाच ठाऊक असते.

शिक्षकाचेही कर्तव्य

येथे कलम ७९ महत्त्वाचे ठरते. त्याची माहिती फार थोड्यांना असते. वनात चराईचा किंवा वनोपजाचा हक्क असणारी प्रत्येक व्यक्ती, तसेच वनालगतच्या गावात शासनाच्या नोकरीत असणारी प्रत्येक व्यक्ती यांनी आगीची माहिती मिळताच ती विझविण्यासाठी तत्काळ पावले उचलली पाहिजेत, असे हे कलम सांगते. वन अधिकाऱ्याने बोलावण्याची वाट पाहण्याची मुभा त्यात नाही. वनगुन्ह्याची माहिती जवळच्या वन किंवा पोलीस अधिकाऱ्यास विनाविलंब देणे हेही बंधनकारक आहे. मूळ अधिनियमात कसुरीबद्दल एक महिन्यापर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. दंडाची रक्कम लहान असली तरी तिचा अर्थ मोठा आहे. वनालगतच्या गावातील शासकीय सेवक मग तो तलाठी असो वा शिक्षक, वणव्याचा केवळ साक्षीदार राहू शकत नाही.

कायद्याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. राखीव वनात हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावण्यात आल्यास तेथील चराईचे व वनोपजाचे सर्व हक्क काही काळ स्थगित करण्याचा अधिकार कलम २६ ने राज्य शासनास दिला आहे. एकाच्या काडीची झळ अशा वेळी साऱ्या गावाला लागते. शिवाय संपूर्ण गावाकडे संशयाने पाहिले गेल्यास पुढच्या वणव्याच्या वेळी मदतीला कोणी धावत नाही. कायद्याचा धाक आणि गावाचा विश्वास यांचा मेळ घालणे, ही म्हणूनच क्षेत्रीय अधिकाऱ्यांची खरी कसोटी आहे.

ग्रामसभेच्या हाती

२००६ च्या वनहक्क अधिनियमाने हा मेळ घालण्याचा मार्ग मोकळा केला आहे. मोहफुले, तेंदूपाने यांसारख्या गौण वनोपजावर वननिवासींचा स्वामित्वहक्क त्याने मान्य केला आणि कलम ५ अन्वये वन व वन्यजीव यांच्या रक्षणाचे अधिकार हक्कधारकांना व ग्रामसभेला दिले. ज्याच्या मालकीचे मोह, त्यानेच ते राखावे, हा सरळ न्याय त्यामागे आहे.

हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत काही गोष्टी ठरविता येतील. मोहाखालचा पाला दाताळ्याने ओढून दूर करावा आणि झाडाखाली जाळी किंवा जुने लुगडे अंथरावे. तेंदूची झुडपे जाळण्याऐवजी छाटावीत. धुरा पेटविणे अगदी अटळ असेल तर वारा पडलेला असताना, शेजाऱ्यास व वनरक्षकास सांगून आणि पाण्याची सोय जवळ ठेवूनच पेटवावा. जाळरेषा सफाईच्या कामात गावातील तरुणांना सहभागी करून घ्यावे. वन विभागाचा १९२६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक लिहावा. लातूर जिल्ह्यातील ग्रामपंचायतींनी गायरानांवरील आणि रस्त्याकडेच्या लागवडीसाठी हीच दक्षता घेतल्यास तेथील मोजकी झाडी टिकेल.

वनरक्षकाच्या वाट्याला येणारे नियत क्षेत्र एका माणसाच्या पायांना पुरे पडणारे नसते. डोंगरावर धूर दिसताच त्याच्या आधी तेथे पोहोचू शकते ते पायथ्याचे गावच. त्या गावाने आग पाहताच हाक दिली, तर कायद्याला पुरावा मिळेल आणि वनाला आणखी एक पावसाळा पाहता येईल.