राईस कुकर घ्यायचा, पण आपल्या घराच्या मापाचा

बचत गटाच्या बैठकीत हल्ली विजेच्या राईस कुकरची चौकशी बरीच होते. सकाळी शेतावर जायची घाई, एका बाजूला भाकरी, दुसऱ्या बाजूला आमटी. त्यात भाताकडे लक्ष द्यायला नको, हे खरंच सोयीचं. पण अंतर्गत कर्ज काढून आणलेली वस्तू महिनाभरात माळ्यावर गेली तर हप्ते तेवढे उरतात. म्हणून दुकानात जाण्याआधी थोडा हिशेब घरीच करू.

पहिला प्रश्न, आपल्याकडे भात किती लागतो? कोकणात किंवा भंडारा-गोंदियाकडे दोन्ही वेळा भात असतो, तिथे हा कुकर रोज कामाला येईल. जिथे भाकरी मुख्य आणि भात मूठभर, तिथे शिट्टीचा कुकर पुरतो. त्यात डाळ-भात एकदम होतो. राईस कुकरमध्ये वाफेचा दाब तयार होत नाही, त्यामुळे तूरडाळ शिजायला फार वेळ घेते. मुगाची खिचडी मात्र छान होते, आणि वरची जाळी मिळाली तर मोदकही उकडता येतात.

आता माप. खोक्यावरचा लिटरचा आकडा फसवा असतो. कुठे तो कोरड्या तांदळाचा असतो, कुठे भांड्याचा. म्हणून सरळ विचारा, "यात कच्चा तांदूळ किती शिजतो?" घरून निघतानाच एका वेळच्या तांदळाच्या वाट्या मोजून जा. पाहुण्यांचा विचार करून फार मोठा घेऊ नका. मोठ्या भांड्यात थोडा भात तळाला लागतो. फार लहान घेतला तर पेज उतू जाऊन आत गळते.

भात झाला हे कुकरला कसं कळतं? भांड्यात पाणी असेपर्यंत तळ १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. पाणी आटलं की तळ जास्त तापतो. तळाखाली मधोमध जी गुंडी असते, तिच्यातल्या चुंबकाची पकड त्या उष्णतेने सुटते आणि खटका आपोआप पडतो. म्हणून भांडं बाहेरून कोरडं पुसूनच ठेवायचं. खाली एखादं शीत अडकलं तरी भांडं नीट टेकत नाही. मग भात कच्चा राहतो नाहीतर करपतो.

पाण्याचा अंदाज पहिल्या दोन-चार वेळी आपणच बसवायचा. इंद्रायणी मुळात चिकट, तिला पाणी बेताचं. उकड्या तांदळाला पाणी आणि वेळ दोन्ही जास्त.

विजेचा हिशेब सोपा आहे. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट होतं. ७०० वॅटचा कुकर अर्धा तास चालला तर साधारण एक तृतीयांश युनिट. दिवसातून दोनदा लावला तर महिन्याला २१ युनिट. आपल्या बिलावरचा दर बघून त्याला गुणा. भात झाल्यावर कुकर 'गरम'वर राहतो, तेव्हाही वीज जातच असते. बटण बंद करा. आणि गावात दाब कमी असेल तर वेळ वाढतो. २३० व्होल्टऐवजी १८० आले तर उष्णता साठ टक्क्यांच्या आसपासच मिळते, अर्ध्या तासाच्या भाताला पाऊण तासाहून जास्त लागतो. लाईट सारखी जाते तिथे एका खटक्याचा साधा कुकर बरा. लाईट आली की तो पुढे चालू होतो. म्हणून लाईट गेली आणि घराबाहेर पडायचं असेल, तर पिन काढूनच जा.

सगळ्यात महत्त्वाचं, अर्थिंग. कुकर धातूचा, आपले हात ओले, खाली ओली फरशी. पिनेचा तिसरा, जाड पाय अर्थिंगचा असतो. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून तो कापू नका. सॉकेटला तीन भोकं असली तरी आत अर्थिंगची तार जोडलेली असेलच असं नाही. वायरमनकडून तपासून घ्या. तो खर्च कुकरच्या किमतीतच धरा. बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर कुकर लावू नका, आणि आतलं भांडं काढल्याशिवाय त्यात पाणी ओतू नका.

दुकानात आयएसआय चिन्ह बघा, सुटं भांडं मिळतं का आणि दुरुस्ती तालुक्याला होते का ते विचारा. राखेने घासायची सवय असेल तर स्टीलचं भांडं घ्या. नॉनस्टिकला लाकडी पळी आणि मऊ घासणीच लागते. पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का मारून घ्या.

आणि खरेदीला स्वतः जा. रोज वापरणार आपण, हप्ता भरणार आपण. मग कुकरही आपणच हाताळून, झाकण उघडून, विचारून घ्यायचा. गटात एखादीकडे कुकर असेल तर तिच्याकडे एकदा आपल्या घरचे तांदूळ लावून बघा, आणि मगच कर्जाचा अर्ज भरा.